संगणकाकडून मराठी वाचून घेण्यासाठी नवा आवाज कसा बसवावा

नव्या विंडोज संगणकावर मराठी मजकूर वाचून घ्यायला गेल्यास बहुधा निराशाच पदरी पडते. सोबत आलेला इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरे वगळून मधले आकडे आणि रोमन लिपीतले शब्द तेवढे वाचतो, किंवा मुळीच बोलत नाही. यात बिघाड काही नसतो. प्रत्येक वाचक आवाज एका ठरावीक भाषेसाठी तयार केलेला असतो आणि त्या भाषेचा आवाज निराळा बसवावा लागतो. मात्र हे आवाज एकाच जागी राहत नाहीत आणि एका प्रोग्रॅमला दिसणारा आवाज दुसऱ्याला दिसेलच असे नाही. एवढे आधी लक्षात घेतले, तर पुढचा बराचसा वेळ वाचतो.

सुरुवात विंडोजच्या स्वतःच्या यादीपासून करावी. विंडोज आणि आय या कळा एकत्र दाबून सेटिंग्ज उघडावे, त्यात ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि पुढे ‘स्पीच’ या विभागात जावे. तेथे ‘मॅनेज व्हॉइसेस’खाली ‘अ‍ॅड व्हॉइसेस’ असे बटण असते. त्यावर टिचकी मारल्यावर येणाऱ्या यादीत हवी ती भाषा शोधून तिच्यापुढे खूण करावी आणि ‘अ‍ॅड’ म्हणावे. आवाज इंटरनेटवरून उतरतो, म्हणून जोडणी चालू असावी. कार्यालयाच्या ताब्यातील संगणकावर ही सोय अनेकदा बंद ठेवलेली असते. अशा वेळी तेथील तांत्रिक विभागाला विचारण्यावाचून इलाज नसतो. आवाज उतरल्यानंतर, ज्या प्रोग्रॅममध्ये तो हवा आहे तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा, कारण बरेच प्रोग्रॅम आवाजांची यादी सुरू होतानाच वाचून घेतात.

मराठी माणसाची पहिली अडचण येथेच येते. मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेल्या यादीत हिंदीसाठी हेमंत आणि कल्पना, तमिळसाठी वल्लुवर आणि भारतीय इंग्रजीसाठी हीरा आणि रवी हे आवाज आहेत, मराठीचा नाही. ‘लँग्वेज’ विभागात जाऊन मराठी भाषा जोडली तरी कळफलक आणि पडद्यावरचा मजकूर मिळतो, आवाज मिळत नाही. माझ्या मावशीच्या संगणकावर मी हीच चूक केली होती. भाषा जोडली, संगणक दोनदा बंद-चालू केला आणि ‘स्पीच’च्या यादीत मराठी का दिसत नाही, याचा अर्धा तास विचार करत बसलो.

देवनागरी वाचू शकणारा म्हणून कल्पनाचा आवाज लावून वेळ निभावता येते. पण तो मजकूर हिंदीच्या नियमांनी वाचला जातो, हे विसरू नये. पारखण्यासाठी मी एक वाक्य ठेवले आहे: ‘कृष्णाच्या ज्ञानी काकांनी जत्रेत ४९ पैशांना काळा चमचा घेतला.’ हिंदी रीतीने वाचल्यास कृष्णाचा क्रिष्ण होतो, ज्ञानीचा ग्यानी होतो, ४९ चे एकोणपन्नासऐवजी उनचास होते आणि पैशातला ‘ऐ’ पसरट होऊन ‘पॅ’कडे झुकतो. च आणि ज यांची गोष्ट आणखी अवघड आहे. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च आपण निरनिराळे उच्चारतो, पण लिपीत तो फरक दिसत नाही, त्यामुळे शब्द ओळखूनच उच्चार ठरवावा लागतो. नवा आवाज बसवल्यावर हे वाक्य, किंवा आपल्या गावाचे आणि आडनावाचे एखादे वाक्य, प्रथम वाचून घ्यावे.

खरा मराठी आवाज विनाखर्च आणि विनाखटपट हवा असेल, तर माझ्या मते मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर हा सर्वांत सोपा मार्ग आहे. पान उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि यू या कळा एकत्र दाबल्या की वाचन सुरू होते आणि वर एक पट्टी दिसते. त्या पट्टीवरील ‘व्हॉइस ऑप्शन्स’मध्ये मराठीसाठी आरोही हा स्त्रीचा आणि मनोहर हा पुरुषाचा आवाज निवडता येतो, वेगही तेथेच कमीजास्त करता येतो. संगणकावरची पीडीएफ फाइल याच ब्राउझरमध्ये उघडून ऐकता येते. मात्र हे आवाज आपल्या संगणकावर उतरत नाहीत. मजकूर कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि तेथून ध्वनी येतो. म्हणून इंटरनेट गेले की ते गप्प होतात, आणि खाजगी कागदपत्रे अशा आवाजाकडून वाचून घ्यावीत का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

इंटरनेटशिवाय चालणारे मराठी वाचन हवे असेल, तर ई-स्पीक एनजी हा मजकुराचा आवाज करणारा प्रोग्रॅम उपयोगी पडतो. तो मुक्त आहे, आकाराने अगदी लहान आहे आणि मराठीसह शंभराहून अधिक भाषा वाचतो. दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी असलेल्या एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये, म्हणजे पडद्यावरचे सारे वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तो सोबतच येतो, त्यामुळे वेगळा बसवावा लागत नाही. एनव्हीडीए चालू असताना इन्सर्ट, कंट्रोल आणि एस दाबून सिंथेसायझर (आवाज तयार करणारा भाग) म्हणून ई-स्पीक निवडावा. मग इन्सर्ट, कंट्रोल आणि व्ही दाबून येणाऱ्या खिडकीत आवाजांच्या यादीतून मराठी निवडावी. हा आवाज माणसाच्या ध्वनिमुद्रणापासून तयार झालेला नसून गणिती सूत्रांनी घडवलेला आहे, म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. पण वेग खूप वाढवला तरी त्याचे शब्द सुटे राहतात. दिवसभर ऐकून काम करणारे कित्येक जण गोड आवाजापेक्षा यालाच पसंती देतात, ते उगाच नव्हे.

मॅकवर काम सोपे आहे. २०२२ साली आलेल्या व्हेंचुरा आवृत्तीपासून तेथे अनन्या हा मराठी आवाज मिळतो. सिस्टम सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, स्पोकन कंटेंट असे जाऊन ‘सिस्टम व्हॉइस’च्या यादीच्या तळाशी ‘मॅनेज व्हॉइसेस’ निवडावे आणि मराठीखालील आवाज उतरवून घ्यावा. त्याच विभागात ‘स्पीक सिलेक्शन’ चालू केले, की मजकूर निवडून ऑप्शन आणि एस्केप या कळा दाबल्यावर तो वाचला जातो, आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही.

आता पुन्हा विंडोजकडे. ‘सेटिंग्जमध्ये आवाज दिसतो, पण माझ्या वाचन-प्रोग्रॅममध्ये दिसत नाही’ ही तक्रार वारंवार ऐकू येते. जुने प्रोग्रॅम सॅपी ५ या जुन्या व्यवस्थेतले आवाज शोधतात, तर सेटिंग्जमधून उतरवलेले बहुतेक आवाज वनकोअर या नव्या व्यवस्थेत नोंदवले जातात. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, या दोन्हींच्या नोंदी वेगवेगळ्या शाखांत असतात. नव्या शाखेतील नोंद जुन्या शाखेत उतरवण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात आणि ती अनेकदा चालतेही; पण रजिस्ट्रीची प्रत आधी काढून ठेवता येत नसेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये. नव्या व्यवस्थेतले आवाज ओळखणारा प्रोग्रॅम वापरणे अधिक शहाणपणाचे. विंडोज ११ मध्ये नॅरेटर या विंडोजच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरसाठी जे ‘नॅचरल’ आवाज उतरतात, तेही नॅरेटरपुरतेच असतात.

आवाज नीट बसूनही एखादी मराठी फाइल ऐकताना निरर्थक इंग्रजी अक्षरे कानावर पडत असतील, तर दोष आवाजाचा नसतो. श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुरात पडद्यावर ‘क’ दिसत असला, तरी आत इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच साठवलेले असते आणि आवाज तेच वाचतो. अशा फाइलमधील दोन ओळी नोटपॅडमध्ये चिकटवून पाहाव्यात. तेथे देवनागरी न दिसता भलतीच चिन्हे दिसली, तर तो मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत, रूपांतरित करून घ्यावा लागेल. दोन ओळी निवडताच येत नसतील, तर ते पान म्हणजे केवळ छायाचित्र आहे, आणि मराठी ओळखणाऱ्या ओसीआरमधून (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणाऱ्या प्रोग्रॅममधून) ते काढल्याशिवाय कोणताही आवाज त्यातले अक्षरही वाचणार नाही.