सर्व्हरला दोष देण्याआधी शाळेत या चुका टाळा

जून उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाळांत एकच वाक्य ऐकू येतं, "सर्व्हर डाऊन आहे." कधीकधी तो खरंच डाऊन असतो. पण अडलेला एकेक फॉर्म उघडून नीट बघितला, की घोटाळा बहुतेक वेळा शाळेतच सापडतो. नावातलं एक अक्षर चुकलेलं असतं, आधार नंबर एक्सेलमध्ये मोडलेला असतो, नाहीतर ओटीपी बदली होऊन गेलेल्या हेडमास्तरांच्या मोबाईलवर जात असतो.

आपल्या भागातल्या मराठी शाळांवर एक जादा भार आहे. वर्गात शिकवणं मराठीत, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसचा पत्रव्यवहार कन्नडमध्ये आणि पोर्टलवरची नोंद इंग्रजीत. कोल्हापूरच्या शाळेला हा त्रास नाही, धारवाडच्या कन्नड शाळेलाही नाही. म्हणून आपल्याकडच्या चुकाही थोड्या वेगळ्या आहेत, आणि त्यांवर आपल्यालाच उपाय काढावे लागतात.

एका मुलाची तीन नावं

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. पहिलीच्या प्रवेशाला पालक तोंडी नाव सांगतात, गुरुजी जनरल रजिस्टरला मराठीत लिहितात. मग सॅट्सवर, म्हणजे कर्नाटकच्या विद्यार्थी नोंदीच्या पोर्टलवर, नोंद करताना तेच नाव अंदाजाने इंग्रजीत टाइप होतं. आधार कार्ड त्या वेळी समोर नसतं. 'लक्ष्मी'चं स्पेलिंग आधारवर एक्स घालून केलेलं असतं आणि आपण के-एस-एच लिहितो. आधारवर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तिन्ही असतात आणि आपण मधलं नाव गाळतो किंवा त्याचं एक अक्षर करतो. त्या दिवशी काहीच अडत नाही. अडतं ते पुढे, केंद्राच्या युडायस प्लस पोर्टलवर आधार पडताळणी करताना, अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा १२ अंकी ओळख क्रमांक) काढताना, स्कॉलरशिपच्या फॉर्मला आणि शेवटी एसएसएलसीच्या, म्हणजे दहावी बोर्डाच्या, नोंदणीला.

कन्नड नावाची गोष्ट आणखी नाजूक आहे. इंग्रजी स्पेलिंगवरून आपोआप कन्नड करून घेतलं, की 'काळे'चं 'काले' होतं, 'माळी'चं 'माली', 'चव्हाण'चं 'चव्हान'. कन्नड लिपीत 'ळ' आणि 'ण' दोन्ही आहेत, त्यामुळे ही चूक लिपीची नाही. यंत्राने सुचवलेलं पहिलं रूप आपण तसंच ठेवलं, एवढंच झालेलं असतं. कन्नड नाव टाइप झाल्यावर शाळेतल्या कन्नड शिक्षकांकडून ते मोठ्याने वाचून घ्या. घरी हाक मारतात तसं ऐकू आलं तरच सेव्ह करा.

प्रवेशाच्या दिवशीच जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून बघायचे. दोन्हींत फरक असेल तर आधी पालकांना दुरुस्तीला पाठवायचं आणि मगच पोर्टल उघडायचं. सीमाभागात बाळंतपण माहेरी होतं आणि माहेर बऱ्याचदा चंदगड, गडहिंग्लज, कागलकडे असतं. जन्मदाखला महाराष्ट्रातला मराठीत आणि आधार इकडचं कन्नडमध्ये, असं सर्रास दिसतं. अशा वेळी दोन्हींवरचं इंग्रजी स्पेलिंग जुळवून घ्यायचं.

गावांच्या नावांतही हाच गोंधळ आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, विजापूरचं विजयपुर. जुन्या कागदांवर जुनंच स्पेलिंग आहे. जिल्हा निवडायच्या यादीत जुन्या नावाने शोधून सापडत नाही म्हणून दुसराच जिल्हा निवडू नका. शिक्षण खात्याच्या यादीत बेळगाव आणि चिक्कोडी हे दोन वेगळे शैक्षणिक जिल्हे आहेत. निपाणी-रायबागकडच्या शाळांनी तेवढं लक्षात ठेवावं.

दहावीच्या मुलांबाबत आणखी एक. वयाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षी आधारचे ठसे आणि फोटो नव्याने द्यावे लागतात. ते राहिलं असेल तर ऐन गरजेच्या वेळी ठसा जुळत नाही. नववीच्या वर्गातच याची आठवण करून द्या. नावातली दुरुस्तीही नववी संपण्याआधीच उरका. मार्क्स कार्ड छापून आल्यावर तीच दुरुस्ती परीक्षा मंडळाकडून करून घेणं पालकांना फार जड जातं.

हद्दीपलीकडून आलेलं मूल

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळेतून एखादी मुलगी आपल्याकडे पाचवीला येते. घाईत तिची नवी विद्यार्थी म्हणून नोंद होते. युडायस प्लसवर तिचा ११ अंकी कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक, म्हणजे पेन, आधीच तयार असतो. आता त्याच आधारावर दुसरी नोंद उभी राहू पाहते आणि दोन्ही अडकतात. टीसीबरोबर पेन मागूनच घ्या. जुन्या शाळेने तिला पोर्टलवरच्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, सोडलं, की पेन आणि जन्मतारीख टाकून आपल्या शाळेत ओढून घेता येतं. सोडलं नसेल तर त्या शाळेला फोन करा. नवी नोंद हा शेवटचा उपाय, तोही सीआरपींना (आपल्या केंद्राच्या समूह संसाधन व्यक्तींना) विचारून.

एक्सेलने खाल्लेले आकडे

आधार नंबर टाइप केला आणि चौकटीत १.२३ आणि पुढे 'ई प्लस ११' असं काहीतरी दिसू लागलं, हे सगळ्यांनी बघितलं असेल. ११ पेक्षा जास्त अंक आले की एक्सेल ते असे आखडून दाखवतं. आधारचे १२ अंक आत शाबूत असतात, फक्त दिसत नाहीत. बँक खात्याचं प्रकरण त्याहून वाईट. एक्सेल १५ अंकांपर्यंतच आकडा अचूक धरतं. खातं १६ अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो, तोही गुपचूप. सुरुवातीचं शून्यही उडतं.

टाइप करण्याआधी तो पूर्ण रकाना निवडून त्याचा फॉरमॅट 'टेक्स्ट' करा. आधीच बिघडलेल्या रकान्याचा फॉरमॅट नंतर बदलून गेलेला अंक परत येत नाही, पासबुक समोर घेऊन पुन्हा टाइप करावं लागतं. पोर्टलवरून उतरवलेली सीएसव्ही फाईल डबल क्लिक करून उघडली की हाच घोळ पुन्हा होतो. ती 'डेटा' टॅबमधून आत घ्या आणि नंबरांचे रकाने टेक्स्ट म्हणून निवडा. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं नेहमी शून्य असतं, इंग्रजी 'ओ' कधीच नसतो.

स्कॉलरशिप आली नाही म्हणून पालक शाळेत येतात तेव्हा आधी एक गोष्ट तपासा. आधारवर आधारित थेट जमा होणारी रक्कम फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. ज्या खात्याला एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे आधार जोडलेलं आहे त्यात ती जाते. कितीतरी वेळा पैसे विसरलेल्या दुसऱ्याच खात्यात पडून असतात.

अक्षरांच्या जागी चिवडा

शाळेच्या संगणकावर मराठी पत्र सुंदर दिसतं आणि ऑफिसला पाठवलं की तिथे इंग्रजी अक्षरांचा चिवडा. कारण पत्र श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेलं असतं. कन्नडमध्ये नुडीच्या जुन्या फाँटांचं तेच. या फाँटात संगणक आत इंग्रजी अक्षरंच साठवतो, वर फक्त आकार वेगळा काढतो. दुसऱ्याकडे तो फाँट नसेल तर आतलं इंग्रजी उघडं पडतं.

नवीन सगळं काम युनिकोडमध्येच करा, म्हणजे मजकूर कुठल्याही संगणकावर वाचता येतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी आणि कन्नड दोन्ही जोडा, विंडोज कळ आणि स्पेसबार दाबून बदलत राहा. एकाच पत्रात दोन्ही लिप्या हव्या असतील तर 'निर्मला यूआय' फाँट घ्या, त्यात देवनागरीही आहे आणि कन्नडही. 'मंगल'मध्ये कन्नड नाही.

सीमाभागातल्या शिक्षकांनी इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकावा असं माझं आग्रहाचं मत आहे. या कीबोर्डवर सगळ्या भारतीय लिप्यांची मांडणी एकच असते. इंग्रजी 'के'च्या कळीवर मराठीत 'क' आहे आणि कन्नडमध्येही 'क'च. 'जे'वर दोन्हीकडे 'र', 'एच'वर 'प'. मराठीसाठी बोटं बसली की कन्नड टायपिंग वेगळं शिकावं लागत नाही. आपल्यासारख्या दोन लिप्यांत रोज काम करणाऱ्यांना याहून मोठी सोय नाही, आणि तिचा वापर इतका कमी आहे याचं खरंच वाईट वाटतं.

जुन्या प्रश्नपत्रिका रूपांतर करून घेतल्या तर 'ळ', 'ऱ्य', 'क्ष', रफार आणि पहिली वेलांटी या जागा डोळ्यांनी तपासा. रूपांतरात मोडतात ती हीच. आणि मोबाईलवर कीबोर्ड हिंदीचा न ठेवता मराठीचाच ठेवा, नाहीतर शब्द आपोआप हिंदी होत जातात.

परिपत्रकाचं भाषांतर

कन्नड परिपत्रकावर गूगल लेन्स धरलं की मराठी मिळतं. समजून घ्यायला ते चांगलं आहे, पालकांच्या ग्रुपवर तसंच पाठवायला नाही. फोटो तिरका किंवा पुसट असेल तर कन्नड ६ आणि ९ यांची गफलत होते आणि तारीखच बदलते. तारखा, रकमा, वर्गाची इयत्ता मूळ कागदावरून पुन्हा बघा, मग दोन ओळींत आपल्या मराठीत लिहून पाठवा.

दीक्षा ॲपमध्ये चुकीचं बोर्ड

दीक्षा हे पाठ्यपुस्तकातल्या धड्यांचं सरकारी ॲप. त्यात माध्यम मराठी म्हटल्यावर बोट आपसूक महाराष्ट्र बोर्डाकडे जातं. भाषा तीच, पण पुस्तक वेगळं, धड्यांचा क्रम वेगळा. बोर्ड कर्नाटक आणि माध्यम मराठी असं निवडा. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन होत नसेल तर त्याच्याखालची सहा अक्षरं टाइप केली तरी धडा उघडतो. जांबोटी, कणकुंबीकडच्या शाळांत नेटवर्कची वाट बघत तास घालवू नका. नेट असेल तिथे आदल्या दिवशी धडा डाऊनलोड करून ठेवा, वर्गात तो नेटशिवाय चालतो.

तिकडचा पाऊस हाही यंत्रांचा शत्रू. पावसाळ्यात संगणक महिनोन्महिने झाकून ठेवले तर आत ओल धरते. आठवड्यातून एकदा तरी तासभर सगळे चालू करा. विजा चमकू लागल्या की नुसतं बटण बंद न करता प्लग काढा. लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसला जोडू नका, त्याचा ओढा एकदम मोठा असतो आणि यूपीएस बसतो.

मुलांची कागदपत्रं ग्रुपवर

हे कळकळीने सांगतो. "आधारचा फोटो ग्रुपवर टाका" असा मेसेज कुठल्याही शिक्षकांनी पाठवू नये. शंभर पालकांच्या मोबाईलवर एका मुलीचं आधार, जन्मतारीख, पत्ता जातो आणि परत घेता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. कागद शाळेत आणायला सांगा, किंवा पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार मागा. पीडीएफ लहान करण्यासाठी मुलांचे दाखले अनोळखी वेबसाइटवर चढवू नका. गूगल ड्राइव्हमधलं स्कॅन त्यासाठी पुरतं.

झेरॉक्सच्या दुकानात प्रश्नपत्रिकेचा पेनड्राइव्ह द्यायचा असेल तर त्यात तेवढीच एक पीडीएफ ठेवा, दुकानाच्या संगणकावर कॉपी राहू देऊ नका आणि परत आल्यावर तो स्कॅन केल्याशिवाय शाळेत लावू नका. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके (मोबाईलवर ॲप बसवणारी) फाईल आली तर ती कुणाकडूनही येवो, उघडायची नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा.

ओटीपी कुणाच्या खिशात?

शाळेचा जीमेल हेडमास्तरांच्या स्वतःच्या नंबरवर काढलेला असतो. सॅट्स, युडायस, स्कॉलरशिप, सगळ्यांचे ओटीपी तिथेच. मग बदली होते, सर रामदुर्गला जातात आणि नवीन बाई त्यांना रोज फोन करून आकडे विचारतात. सर वर्गात असले तर काम थांबतं. निवृत्त झालेल्यांनी नंबरच बदलला तर खातं कायमचं अडकतं.

शाळेच्या नावाने एक सिम घ्या. एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत ठराव करून घेतला तर खर्चाचाही प्रश्न उरत नाही. तो नंबर सगळ्या पोर्टलला लावा आणि रिचार्जची तारीख ऑफिसच्या कॅलेंडरवर लिहा, कारण रिचार्ज संपून बरेच दिवस गेले की कंपनी तो नंबर दुसऱ्याला देते. युजरनेम आणि पासवर्ड कपाटात बंद पाकिटात ठेवा, भिंतीवर चिकटवू नका. चार्ज देताना डेडस्टॉक रजिस्टर, चेकबुक, किल्ल्या मोजून देतो, त्याच यादीत आता पोर्टलची नावं, शाळेचं सिम आणि रिकव्हरी ईमेल हेही लिहा. नवीन हेडमास्तरांनी सही करण्याआधी प्रत्येक पोर्टलवर एकदा लॉगिन करून बघावं. जुने सर अजून समोर बसलेले असतात, तेव्हाच.