दोन स्विचवर व्हीआरआरपी लावताय? पॉवर नाही, फायबर काढून टेस्ट करा

दोन एल-थ्री (रूटिंग करणारे) स्विच आहेत, व्हीलॅन म्हणजे नेटवर्कचे वेगवेगळे भाग बनवलेत, दोन स्विचमधला ट्रंक, म्हणजे सगळे व्हीलॅन नेणारी लिंक, चालू आहे, इथपर्यंत तुमचं झालंय असं धरतो. व्हीआरआरपी (व्हर्च्युअल राउटर रिडंडन्सी प्रोटोकॉल) चं काम एवढंच की सगळ्या पीसींना एकच गेटवे आयपी द्यायचा आणि दोघांपैकी जो मास्टर असेल त्यानं तो सांभाळायचा.

पहिल्या स्विचच्या व्हीलॅन 10 ला 192.168.10.2 द्या, दुसऱ्याला 192.168.10.3, दोघांवर व्हीआरआयडी (व्हीआरआरपी ग्रुपचा नंबर) 10 आणि व्हर्च्युअल आयपी 192.168.10.1, डीएचसीपीत गेटवे हाच. .1 कुठल्याच स्विचचा स्वतःचा आयपी ठेवू नका, ठेवला की त्याची प्रायोरिटी 255 होते आणि पुढचं ट्रॅकिंग, म्हणजे लाइन मेली की प्रायोरिटी आपोआप कमी करणं, त्याच्यावर चालत नाही. पहिल्याला, म्हणजे मेन स्विचला, प्रायोरिटी 120 (जास्त ज्याची, तो मास्टर), दुसऱ्याला डिफॉल्ट 100 राहू द्या. शो कमांड मारा, एक मास्टर एक बॅकअप दिसला पाहिजे. दोन्ही मास्टर दिसले तर ट्रंकवर तो व्हीलॅन अलाउड नाही, नाहीतर एखादी एसीएल (ट्रॅफिक अडवायचा नियम) 224.0.0.18, म्हणजे व्हीआरआरपीचा मल्टिकास्ट पत्ता, अडवून राहिली, आधी ते पाहा.

आता बहुतेक जण मास्टरची पॉवर काढतात, साडेतीन सेकंदांच्या आसपास दुसरा मास्टर होतो, पिंग परत सुरू, आणि काम झालं म्हणून सही घेऊन निघतात. एवढ्या टेस्टवर कुणी रिडंडन्सी झाली म्हणत असेल तर बिलकुल ऐकू नका. स्विच अख्खा बंद पडणं क्वचित होतं, लाइन तुटणं नेहमीचं.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी हेच भोगलं. मे महिन्याची दुपार, बाहेर रस्त्याचं खोदकाम, फायबर तुटला आणि नेट बंद, पण गेटवेला पिंग व्यवस्थित चालू होतं, त्यामुळे तासभर मी भलतीकडेच शोधत बसलो. शेवटी रॅकमागे वाकून पाहिलं तर मीडिया कन्व्हर्टरवर (फायबर आणि स्विचची कॉपर केबल जोडणारा डबा) फायबरचा लाइट बंद, पण स्विचकडच्या पोर्टचा लाइट हिरवा. स्विचच्या हिशोबानं लिंक अपच होती, मग तो मास्टर काहून सोडेल? व्हीआरआरपी फक्त आपल्या व्हीलॅनमधली अ‍ॅडव्हर्टाइजमेंट (मास्टर सतत पाठवतो तो हजेरीचा मेसेज) पाहतं, वरची लाइन जिवंत आहे की मेली याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

म्हणून नुसता इंटरफेस (पोर्ट अप की डाउन) ट्रॅक करू नका, पिंगवर ट्रॅक लावा. टार्गेट आयएसपीचा नेक्स्ट हॉप, म्हणजे लाइनच्या पलीकडचा पहिला राउटर, घ्या. लांबचा आयपी घ्यायचाच असेल तर त्याच्यासाठी आपल्याच अपलिंकवरून वेगळा स्टॅटिक रूट टाका, नाहीतर लाइन मेल्यावर ते पिंग दुसऱ्या स्विचवरून फिरून यशस्वी होतं आणि ट्रॅक परत अप दाखवतो.

दुसरी चूक डिक्रिमेंटची, म्हणजे ट्रॅक डाउन झाला की प्रायोरिटी किती कमी करायची त्या आकड्याची. बऱ्याच ठिकाणी 10 असंच टाकलेलं सापडतं, 120 मधून 10 गेले तर 110, म्हणजे 100 वाल्यापेक्षा जास्तच आणि मास्टर जागचा हलत नाही. 30 ठेवा, 90 झालं की दुसरा उचलतो. पण उचलायला त्याच्यावर प्रीएम्प्ट (जास्त प्रायोरिटी असली की मास्टरपद ओढून घेणं) चालू लागतं, हे फक्त मेन स्विचवर ठेवायचं असतं असं सांगणारे भेटतात, ते चूक आहे. बॅकअपवर प्रीएम्प्ट बंद असेल तर तो कमी प्रायोरिटीच्या मास्टरकडेही नुसता पाहत राहतो.

प्रीएम्प्ट डिले मात्र फक्त मेन स्विचवर द्या. लाइट जाऊन आली की स्विच बूट होतो, व्हीलॅन वर येतो, तो लगेच मास्टर होतो, पण ओएसपीएफचे (रूट शिकवणारा प्रोटोकॉल) नेबर अजून आलेले नसतात आणि तेवढा वेळ सगळ्यांचा ट्रॅफिक वाया जातो. एकदा रीबूट करून घड्याळ लावा, नेबर फुल (पूर्ण जोडलेला) व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि त्याहून मिनिटभर जास्त डिले ठेवा. बॅकअपवर हाच डिले टाकलात तर लाइन तुटल्यावर तोही तेवढाच वेळ थांबून बसेल.

मग एका पीसीवरून बाहेरच्या आयपीला सतत पिंग लावा आणि कन्व्हर्टरमधून फायबर काढा, पॉवर नाही, फायबर. किती पिंग गेले ते लिहून ठेवा, फायबर परत लावा, मेन स्विच मास्टर झाला का पाहा, आणि हे दोन्ही वेळा नीट झालं की मगच दोन्ही स्विचवर कॉन्फिग सेव्ह करा.