युरोपीय नावांचा अर्थ शोधताय? या चुका टाळा

मुलीचं नाव नताशा, तान्या की सोनिया, असा घोळ घरात सुरू झाला की कुणीतरी मोबाईल काढतं आणि अर्थ शोधतं. एका यादीत 'परी', दुसरीत 'राजकन्या', तिसरीत थेट 'मूळ संस्कृत'. या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, त्यामुळे दहा ठिकाणी तोच अर्थ दिसला म्हणून तो खरा ठरत नाही.

पहिली चूक इथेच होते. ही तिन्ही रशियन लाडाची रूपं आहेत. लाडाच्या नावाचा अर्थ शोधण्याआधी पूर्ण नाव शोधावं लागतं. सोनिया म्हणजे सोफिया. ग्रीकमध्ये 'सोफिया' म्हणजे शहाणपण, सोन्याशी संबंध शून्य. तान्या म्हणजे तात्याना, जुन्या रोमन 'तातिउस' या नावावरून आलेलं. नताशा म्हणजे नताल्या, आणि त्यामागे लॅटिनमधला 'नातालिस', म्हणजे जन्माचा दिवस. इथे येशूच्या जन्माचा. पोर्तुगीजांमुळे मराठीत आलेला 'नाताळ' याच शब्दाचा वंशज. ग्रेटा आणि पेगी या दोघी मार्गारेट, म्हणजे मोती. इंग्रजीतला बिल हा विल्यम, आणि स्पॅनिशमधला पेपे हा होसे.

उच्चार जुळला म्हणून नातं जोडू नका

इथे आपण मराठी लोक हमखास फसतो. निकिता आपल्याकडे मुलीचं नाव. रशियात ते पुरुषाचं: सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह आठवा. त्याचं मूळ ग्रीक 'निकेतास', म्हणजे विजेता. त्याच मुळातलं दुसरं ग्रीक नाव 'अनिकेतोस', म्हणजे ज्याला कुणी जिंकलं नाही असा. हे ऐकताच 'अरे, हा तर आपला अनिकेत!' असं म्हणायचा मोह होतो. पण संस्कृत अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही तो, शंकराचं विशेषण. ग्रीकमधला 'नि' विजयाचा आहे, 'नीके' या शब्दातला. आपल्याकडचा 'निकेत' घराचा. 'अनिकेतोस'ला अर्थाने जुळणारं मराठी नाव हवंच असेल तर ते अजिंक्य.

युरोपातल्या युरोपातही हेच होतं. एमा आणि एमिली बहिणी वाटतात, पण एमा जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या भाषाकुळातली आहे आणि एमिली रोमन 'एमिलिउस' घराण्यातली. इझाबेलमध्ये 'बेला', म्हणजे सुंदर, शोधणारेही खूप. प्रत्यक्षात ते एलिझाबेथचंच दक्षिणेकडचं रूप. उलट, अजिबात न जुळणारी नावं सख्खी निघतात. जेम्स आणि जेकब एकच आहेत. म्हणून तर इंग्लंडच्या पदच्युत राजा दुसऱ्या जेम्सचे समर्थक 'जॅकोबाइट' म्हणवले गेले. जॉन, जाँ, हुआन, जोव्हान्नी, हान्स, इव्हान, शॉन या सगळ्यांच्या मुळाशी एकच हिब्रू नाव आहे: योहानान, 'देवाची कृपा झाली'. 24 जूनला गोव्यात विहिरीत उड्या मारून साजरा होतो तो सांजांव म्हणजे याच नावाचा साव जुआंव.

दोन तुकड्यांचं वाक्य करू नका

विल्यमचा अर्थ याद्यांमध्ये 'दृढनिश्चयी रक्षक' असा मिळतो. नावात आहेत फक्त दोन शब्द: 'विल' म्हणजे इच्छा आणि 'हेल्म' म्हणजे शिरस्त्राण. मधलं सगळं यादीवाल्याचं. जुन्या जर्मानिक लोकांत असे ठरावीक तुकडे असत आणि घराण्याची ओळख राहावी म्हणून ते फिरवून जोडत. हिल्डेगुंड घ्या: 'हिल्ड' म्हणजे लढाई, 'गुंड'ही लढाईच. अकराव्या शतकात इंग्लंडमधल्या वूस्टरला वुल्फस्टन नावाचे बिशप होते. अर्थ लावला तर 'लांडगा-दगड'. पण त्यांच्या आईचं नाव वुल्फगिफू आणि वडिलांचं अ‍ॅथेलस्टन. एक तुकडा आईचा, एक वडिलांचा, झालं नाव! आजकाल आपल्याकडे आई-बाबांची अक्षरं जोडून नावं ठेवतात, तसंच हे.

शब्दार्थ बरोबर, तरीही चूक

डोलोरेस म्हणजे 'दुःखं', हे खरं. म्हणून कुणी मुलीला दुःखी म्हणत नव्हतं. ते 'दुःखांची माता' या येशूच्या आईच्या, मारियेच्या, बिरुदातून आलं. मर्सिडीज हेही तसंच, 'कृपांची माता'. पणजीजवळच्या मेरशीचं नाव याच बिरुदाच्या पोर्तुगीज रूपावरून पडलं. गाडीचं नाव मात्र एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या मुलीवरून. सेसिलियाच्या मुळाशी 'आंधळा' असा लॅटिन शब्द आहे म्हणून नाव रद्द करणारेही भेटतात. नाव ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असते ती संगीताची आश्रयदात्री संत.

साल बघा

व्हेनेसा म्हणजे फुलपाखरू, असं सर्रास लिहिलेलं असतं. हे नाव लेखक जोनाथन स्विफ्टने एका कवितेसाठी घडवलं: मैत्रीण एस्थर व्हॅनहॉम्रीच्या आडनावातला 'व्हॅन' आणि एस्थरचा 'एस'. ती कविता छापली गेली 1726 मध्ये. कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसिउसने फुलपाखरांच्या एका प्रजातीसमूहाला हे नाव दिलं ते 1807 मध्ये. म्हणजे फुलपाखरूच नंतरचं.

परदेशात राहणाऱ्यांनी नाव नक्की करण्याआधी त्या देशात ते मुलाचं की मुलीचं, तेही पाहावं. आंद्रेआ जर्मनीत आणि स्पेनमध्ये मुलगी, इटलीत परंपरेने पुरुष: वास्तुविशारद आंद्रेआ पाल्लादिओसारखा. मुलीला हे नाव देता येईल का, हा वाद इटलीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2012 मध्ये न्यायालयाने होकार दिला.