थेंबाची कड स्पष्ट, आतलं फूल मात्र धूसर: माझा अनुभव

दूर्वेच्या पात्यावर ३ मिलिमीटरचा थेंब, मागे जरबेरा, फोटोसाठी मॅक्रो लेन्स १:१ वर (सेन्सरवर वस्तूच्या खऱ्या आकाराएवढी प्रतिमा). थेंबाची कड सुरीसारखी धारदार, पण आत उमटलेलं फूल दर वेळी पुसट.

ट्रायपॉड घेतला, शटरचा वेग वाढवला, एफ/२२ वर, म्हणजे लेन्सच्या अगदी बारीक छिद्रावर गेलो (तिथे विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच मऊ झालं). तीन रविवार वाया गेले.

चूक फोकसच्या जागेत होती. थेंब हे भिंग आहे. मागच्या फुलाची उलटी प्रतिमा थेंबाच्या आत नसते. गोल थेंबाच्या मध्यापासून साधारण एका व्यासावर, कॅमेऱ्याच्या बाजूला ती तयार होते. म्हणजे मी फोकस करत होतो त्या थेंबाच्या कडेपासून ३ मिलिमीटर अलीकडे. फुल-फ्रेम (मोठ्या, ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ ला एफ/११ देऊनही स्पष्टतेची खोली, म्हणजे जेवढ्या अंतरातलं स्पष्ट येतं ते, जेमतेम सव्वा मिलिमीटर; एका फ्रेममध्ये कड आणि फूल दोन्ही येणार कसे!

मग असं केलं. फूल थेंबामागे ५-६ सेंटिमीटरवर उलटं धरलं, म्हणजे थेंबात सुलटं दिसतं. पाण्यात थोडं ग्लिसरीन घालून सिरिंजने थेंब ठेवला. तो लवकर सुकत नाही. ऑटोफोकस बंद. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं थेट दृश्य) मोठा करून आधी कडेवर फोकस केला. त्यानंतर रिंगला हात न लावता, एफ/८ वर, फोकसिंग रेलवरून (कॅमेरा थोडा थोडा पुढे-मागे सरकवणारी पट्टी) कॅमेरा अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने मागे घेत पाकळ्या स्पष्ट होईपर्यंत सात फ्रेम काढल्या आणि स्टॅक केल्या, म्हणजे प्रत्येकीतला स्पष्ट भाग जोडून एक फोटो केला.

थेंबावर फ्लॅशचा पांढरा ठिपका येत असेल तर उजेड थेंबावर नको, फुलावर टाका.