क्लिनिकल आणि समुपदेशन मानसशास्त्रात पीएच.डी. करताना या चुका टाळा

मार्गदर्शक आणि परीक्षक या दोन्ही नात्यांनी प्रबंध वाचताना मला आता चुकांचे आश्चर्य वाटत नाही, कारण त्या नव्या नसतात. संशोधनाचा प्रश्न नीट मांडून होण्याआधीच विद्यार्थी विचारतो, "मॅडम, प्रश्नावली कोणती वापरू?" आणि पुढचे बहुतेक घोटाळे याच घाईतून सुरू होतात.

यांतली सर्वांत गंभीर चूक म्हणजे भरलेल्या प्रश्नावल्या न वाचता गठ्ठ्यात बांधून ठेवणे. नैराश्य मोजण्यासाठी आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न गेल्या दोन आठवड्यांत मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले का, असा आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने काही महाविद्यालयांतून उत्तरे गोळा केली आणि दिवाळीनंतर सवडीने एक्सेलमध्ये भरू म्हणून गठ्ठे कपाटात ठेवले. तीन महिन्यांनी नोंदी करताना तिला दिसले की, सात जणांनी त्या प्रश्नापुढे 'जवळजवळ रोज' अशी खूण केली होती. प्रश्नावलीवर नाव नव्हते, क्रमांक नव्हता, वर्गाचीही नोंद नव्हती. निनावीपणाची अट आम्ही इतकी काटेकोर पाळली होती की, त्या सात जणांपर्यंत पोहोचण्याची वाटच उरली नव्हती. त्या महाविद्यालयांत जाऊन आम्ही वर्गावर्गांत बोललो, समुपदेशकाची वेळ फळ्यावर लिहून आलो, पण ते सात जण त्या वर्गांत होते की नाही, हे आजही मला ठाऊक नाही. त्या आराखड्यावर मार्गदर्शक म्हणून माझीच सही होती.

तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांना संकेत-क्रमांकाशिवाय प्रश्नावली वाटता येत नाही. क्रमांकांची यादी समुपदेशकाकडे बंद पाकिटात राहते, आणि विशिष्ट उत्तर आढळल्यास संपर्क साधला जाईल, हे संमतीपत्रातच लिहिलेले असते. नववे उत्तर त्याच दिवशी, महाविद्यालयातून बाहेर पडण्यापूर्वी तपासायचे, त्या वेळी समुपदेशक शेजारच्या खोलीत हजर हवा, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या हाती पडायला हवी. यात अर्धा दिवस जास्त जातो, अशी तक्रार होते, जाऊ द्यावा. काही जण सोय म्हणून नववा प्रश्नच गाळतात. आठ प्रश्नांची पीएचक्यू-८ ही मान्य आवृत्ती आहे आणि तिला योग्य जागीही वापरता येते, पण केवळ जबाबदारी नको म्हणून ती निवडणाऱ्याने हा विषय का निवडला, असा प्रश्न मला पडतो.

दुसरी चूक भाषांतराची. त्याच प्रश्नावलीतील पहिला प्रश्न, कशातच रस किंवा आनंद न वाटण्याचा, एका विद्यार्थ्याने 'कामे करण्यात अल्प रुची वाटणे' असा मराठीत आणला. मराठवाड्यातील एका गावात वयस्कर बाईंनी तो ऐकून विचारले, "रुची म्हंजे तोंडाची चव ना? ती तर कवाच गेलीय." पाचवा प्रश्न भुकेविषयीच असल्यामुळे पहिल्याची उत्तरे त्याच्याशी छान जुळू लागली, आणि क्रोनबाख अल्फाचा, म्हणजे प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा, आकडा इतका देखणा आला की, विद्यार्थी पेढे घेऊन आला. संशोधक ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेले उलट-भाषांतरही, म्हणजे मराठी मजकूर दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत आणून मुळाशी ताडणे, त्याने केले होते. मात्र ते करणाऱ्या इंग्रजीच्या प्राध्यापकांना 'रुची'चा अर्थ पुस्तकी मराठीतला ठाऊक असल्याने त्यांच्याकडून मूळ इंग्रजी शब्द अचूक परत आला आणि चूक निसटली. म्हणून अधिकृत मराठी आवृत्ती उपलब्ध आहे का, हे मी आधी शोधायला लावते आणि ती असली तरी बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसून दहा जणांना प्रत्येक प्रश्न वाचून दाखवायला सांगते. उत्तर मागायचे नाही, 'यातून तुम्हाला काय समजलं?' एवढेच विचारायचे. जीव घाबरणे, डोके जड होणे, मन न लागणे हे शब्द अशा बाकांवरच ऐकू येतात.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. तीस हा नमुन्याचा पवित्र आकडा नव्हे: दोन गटांतील मध्यम फरक (डी = ०.५, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाइतका) ८० टक्के सामर्थ्याने, म्हणजे तो खरोखर असल्यास शंभरातल्या ऐंशी वेळा, पकडायला प्रत्येक गटात ६४ जण लागतात, आणि पाचांतला एक जण मध्येच गळेल असे धरले तर ८० जण घ्यावे लागतात. नियंत्रण गटाशिवाय (तुलनेसाठी घेतलेल्या, तो उपचार न मिळालेल्या गटाशिवाय) केवळ आधीचे आणि नंतरचे गुण मांडून उपचारपद्धती परिणामकारक ठरवू नये, कारण सर्वाधिक गुण असलेल्यांनाच निवडले की, काहीही न करता पुढच्या मोजणीत त्यांची सरासरी खाली येते. बेक यांच्या नैराश्य-सूचीची २१ प्रश्नांची दुसरी आवृत्ती विकत घ्यावी लागते. तिची झेरॉक्स प्रबंधाला जोडणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा जोडणे होय. अल्पवयीनांच्या संमतीपत्रात 'संपूर्ण गोपनीयता' असे लिहू नये, कारण लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार ती कळवावीच लागते. उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतील नोंदणी पहिला सहभागी घेण्यापूर्वी करावी. नियतकालिकाने नोंदणीचा क्रमांक मागितल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

आणि मानसशास्त्रातली पीएच.डी. मिळाली म्हणून दारावर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि तिची पात्रता वेगळी आहे, हे प्रवेशाच्या आधी विचारावे, व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) दिवशी नव्हे.