गेमवरून सिरीज लिहिताय? या चुका टाळा

गेमवरून सिरीज करायची म्हणून आलेल्या स्क्रिप्ट मी बरीच वर्षं वाचतोय आणि दर वेळी पहिल्या वीस पानांतच तेच ते दिसतं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. लोकांना वाटतं गेम हिट आहे, स्टोरी तयार आहे, आता फक्त सीन पाडायचे. तयार काहीही नसतं. गेममधलं अर्धं काम खेळणारा करत असतो आणि टीव्हीसमोर तोच माणूस रिकाम्या हातांनी बसलेला असतो. त्याचं काम आता पडद्यावर कोण करणार, हे ठरल्याशिवाय लिहायलाच बसू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मिशनला, म्हणजे गेमने दिलेल्या कामगिरीला, एपिसोड समजणं. एका प्रोजेक्टवर मी स्वतः हे होताना बघितलंय, आणि गप्प बसलो होतो म्हणून अजून सलतं. गेममध्ये दहा लेव्हल होत्या. पहिल्याच दिवशी कुणीतरी बोर्डावर दहा रकाने आखले, लेव्हल एक म्हणजे एपिसोड एक, आणि सगळ्यांना एकदम हायसं वाटलं, मलाही. दोन महिने भराभर लिहीत गेलो. मग कलाकारांना बसवून मोठ्याने वाचन ठेवलं. तिसऱ्या एपिसोडमध्ये हिरो एका बंद पडलेल्या धरणावर जातो, जनरेटर चालू करायला तीन फ्यूज शोधतो, प्रत्येक फ्यूजपाशी मारामारी. वाचता वाचता नट थांबला आणि म्हणाला, "मी तिकडे का जातोय?" फ्यूज आणायला, कुणीतरी सांगितलं. "ते कळलं हो, पण मला हवंय काय?" खोलीत एकालाही उत्तर देता येईना. कारण गेममध्ये ते उत्तर लागतच नाही, नकाशावर खूण दिसते, आपण जातो, दोनदा मरतो, तिसऱ्यांदा जमतं आणि फ्यूज हातात आल्यावर जो आनंद होतो तो आपला असतो, हिरोचा नाही. त्या दहातले सात एपिसोड फेकून द्यावे लागले.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. प्रत्येक सीनच्या वर पेन्सिलने लिहितो, हे जमलं नाही तर कोण कुणाला गमावेल. उत्तर 'गेट उघडणार नाही' असं आलं की सीन कापायचा, कितीही थरारक असला तरी. 'द लास्ट ऑफ अस' हा गेम आणि त्यावरची सिरीज बघा. २०१३ च्या गेममध्ये बिल नावाच्या माणसाच्या गावातला भाग म्हणजे गाडीच्या बॅटरीसाठी केलेली धावपळ, आणि त्याचा जोडीदार फ्रँक आपल्याला भेटतो तोच गळफास घेतलेल्या अवस्थेत. २०२३ च्या सिरीजने तिसऱ्या एपिसोडमध्ये ती सगळी धावपळ काढून टाकली आणि जवळजवळ पूर्ण एपिसोड त्या दोघांच्या एकत्र जगण्याला दिला. गेम खेळलेल्या कितीतरी जणांना राग आला होता, पण मला विचाराल तर टीव्हीसाठी तोच निर्णय बरोबर होता.

दुसरी चूक, आणि ह्याची मला खरंच चीड आहे: गेम न खेळता लिहिणं. यूट्यूबवर सगळे कटसीन, म्हणजे गेममधले नुसते बघायचे गोष्टीचे तुकडे, जोडून केलेला चार तासांचा व्हिडिओ बघायचा, तोही दीडपट स्पीडने, आणि म्हणायचं स्टोरी कळली. अरे, कटसीनच्या मधे काय झालं ते कोण बघणार? 'द लास्ट ऑफ अस'च्याच गेममध्ये आपण ज्याला चालवतो तो जोएल सोबतच्या एली या मुलीला वर चढवतो, ती शिडी खाली सोडते, हे आपण इतक्या वेळा केलेलं असतं की बोट आपोआप बटणावर जातं. मग शेवटाकडे सॉल्ट लेक सिटीत आपण बटण दाबतो आणि ती येतच नाही, बाजूला विचारात हरवून बसलेली असते. फार काही बोलणं नाही, तरी पोटात खड्डा पडतो. कारण हाताला लागलेली सवय मोडली. हे व्हिडिओ बघून कळणारच नाही, आणि जे कळलंच नाही ते पडद्यावर दुसऱ्या वाटेने कसं आणणार?

म्हणून पूर्ण खेळा. जमत नसेल तर सोप्या मोडवर खेळा, त्यात कमीपणा नाही, पण कंट्रोलर स्वतःच्या हातात पाहिजे. मी शेजारी वही ठेवतो, हाताने काय केलं आणि तेव्हा काय वाटलं एवढंच लिहितो. प्लॉट लिहीत नाही, तो कुठेही मिळतो. त्याच गेमच्या हॉस्पिटलमधल्या शेवटासमोर माझ्या वहीत एकच शब्द होता, 'मी'. कारण तिथे एलीला सोडवताना सर्जनला मारल्याशिवाय गेम पुढे जात नाही, म्हणजे ते आपल्यालाच करावं लागतं. सिरीजमध्ये ते ओझं प्रेक्षकावर टाकता येत नाही, म्हणून तिथे गोळीबाराचा आवाज दाबलाय, वर उदास संगीत आहे आणि जोएलच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही. आपल्या हातातलं ओझं त्या चेहऱ्यावर गेलं.

चेहऱ्यावरून आठवलं, 'हेलो'. त्या गेममध्ये मास्टर चीफ या हिरोचा चेहरा दाखवत नाहीत, कारण त्या हेल्मेटच्या आत आपण असतो. २०२२ च्या सिरीजने पहिल्याच एपिसोडमध्ये हेल्मेट काढलं आणि चाहते भडकले. माझं मत थोडं वेगळं आहे. आठ-नऊ तास नुसतं हेल्मेट बघणं अवघडच आहे, काढा की, पण आधी आत राहणारा माणूस लिहून घ्या.

खेळणाऱ्याला निवड करायची मुभा असेल तर तिथेही घोळ होतो. अमुक शेवट खरा की तमुक, यावर टीम आठवडे घालवते. 'फॉलआउट' या गेममालिकेवरच्या सिरीजने २०२४ मध्ये ही भानगडच टाळली, कुठल्याही एका गेमचा प्लॉट न घेता त्याच जगात २२९६ साली घडणारी नवी गोष्ट लिहिली. आणि खेळणारा एकटाच कधी भला, कधी शिस्तीतला, कधी निर्दय होतो, ते लूसी, मॅक्सिमस आणि घूल अशा तीन मुख्य पात्रांत वाटून टाकलं. 'आर्केन' सिरीजने तर 'लीग ऑफ लेजेंड्स' या गेमच्या शंभरावर पात्रांच्या गर्दीतून वाय आणि जिंक्स या दोन बहिणी मध्यभागी ठेवल्या. घाई असणारे बरोबर उलटं करतात, पहिल्याच एपिसोडमध्ये पंधरा पात्रं.

बाकीच्या पटापट सांगतो. बंदुकीमागून दिसणारा फर्स्ट पर्सन शॉट एकदा ठीक, दुसऱ्यांदा नको. चाहत्यांसाठी लपवलेल्या खुणा सगळ्यात शेवटी घाला, त्या काढल्यावर सीन कोसळत असेल तर सीनच नव्हता. जगाचा इतिहास सांगणारा म्हातारा काढून टाका. मेलेल्याला परत आणू नका, सेव्ह पॉइंट, म्हणजे मेल्यावर जिथून परत सुरू करता येतं ती जागा, गेममध्येच शोभतो.

आणि चौथ्या-पाचव्या एपिसोडला वाचणारा जांभया द्यायला लागला तर नवीन शत्रू आणू नका, सगळे तेच करतात. मागे जाऊन हिरोने शेवटचा निर्णय स्वतःहून कधी घेतला ते शोधा. बहुतेक वेळा तो पहिल्या एपिसोडमध्येच सापडतो, त्यानंतर हिरो फक्त नकाशावरच्या खुणेमागे चालत असतो. तिथूनच परत लिहायला घ्या.