फोटो दुसऱ्या डिस्कवर हलवलेत? जुन्या जागी सिमलिंक ठेवा

लॅपटॉपची एसएसडी भरली की पहिली गदा फोटोंवर येते. पण प्रोग्रॅमला तर ते जुन्याच फोल्डरमध्ये हवे असतात, मग लिनक्सवर सिमलिंक करायची, म्हणजे जुन्या जागी खऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारं एक नाव ठेवायचं. हार्ड लिंक (त्याच फाइलला दिलेलं दुसरं नाव) इथे कामाची नाही, ती दुसऱ्या डिस्कवर जात नाही आणि फोल्डरची तर होतच नाही.

आधी टर्मिनलमध्ये एमव्हीने (हलवायची कमांड, mv) फोल्डर हलवा, मग होममध्ये येऊन लिंक बनवायची कमांड टाका (एलएन -एस म्हणजे ln -s):

एलएन -एस /डेटा/फोटो फोटो

क्रम कॉपी करायच्या सीपी (cp) सारखाच, आधी खरी वस्तू मग नवीन नाव (विंडोजच्या एमकेलिंकमध्ये बरोब्बर उलटा, माझा तिथे दरवेळी घोळ होतो).

आता फाइलींची सविस्तर यादी दाखवणारी एलएस -एल (ls -l) मारा. ओळीच्या सुरुवातीला एल दिसेल, शेवटी बाण, आणि साइज फक्त २६ बाइट! आत फोटो ४० जीबी का असेनात, लिंक म्हणजे घर बदलल्यावर जुन्या दाराला चिकटवलेली नव्या पत्त्याची चिठ्ठी, साइज त्या पत्त्याचीच. देवनागरीत प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) ३-३ बाइट खाते, म्हणून २४, आणि दोन स्लॅशचे २.

चिठ्ठीच असल्यामुळे पत्ता खरा आहे का हे एलएन बघत बसत नाही, काहीही लिहा, लिंक बनते. नंतर फोल्डर हलवला किंवा डिस्क माउंट (सिस्टिमला जोडलेली) नसली की लिंक लोंबकळते, म्हणजे तुटते, डिस्क परत लावली की आपोआप चालू. तुटलेल्या लिंका शोधायला फाइंड . -एक्सटाइप एल (find . -xtype l).

सगळ्यात जास्त लोक फसतात ते रिलेटिव्ह पत्त्यात, म्हणजे स्लॅशपासून सुरू न होणाऱ्या पत्त्यात. तो लिंक ज्या फोल्डरमध्ये पडलीय तिथून मोजला जातो, तुम्ही टर्मिनलमध्ये कुठे आहात त्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. डोकं चालत नसेल तर सरळ स्लॅशपासून पूर्ण पत्ता द्या.

लिंक काढताना आरएम (rm) फोटो, बास, नुसती चिठ्ठी जाते. पण आरएम -आर फोटो/ असा शेवटी स्लॅश देऊन कधीच मारू नका, आतला खरा माल उडू शकतो, आणि टॅब दाबून नाव पुरं करताना हा स्लॅश कधीकधी गुपचूप चिकटतो.

लिंक दुसऱ्या फोल्डरकडे वळवायची असेल तर एलएन -एसएफएन (ln -sfn) वापरा. तो एन विसरलात तर जुनी लिंक तशीच राहते आणि नवी लिंक जुन्या फोल्डरच्या आत जाऊन बसते, मग शोधत बसा.